फेऱ्यातला फेरा

पेन्शन घेणाऱ्या माणसाला दरवर्षी एकदा आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. आता, दोन वेळा जेवणारा, चहात साखर कमी पडली तर कुरकुरणारा आणि वर्तमानपत्र आधी दुसऱ्याने उघडले म्हणून रुसणारा मनुष्य जिवंत आहे, हे त्याच्या घरच्यांना दाखल्यावाचूनही पटते. पण दप्तराला पटत नाही. दप्तराला हयातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी पेन्शनचा नंबर लागतो. आणि तो नंबर ज्या कागदावर लिहिलेला असतो, तो कागद हवा त्या दिवशी म्हणून कधी सापडत नाही.

परवा, दिवाळी चार दिवसांवर आली असताना, मी तो कागद शोधायला बसलो. आमच्या कपाटाला पाच खण. खणात सात-आठ फायली. फायलीत साठ-सत्तर कागद. खण ओढायचा, फाइल काढायची, एकेक कागद उलटायचा. फाइल संपली की दुसरी, खण संपला की खालचा. असे करीत मी तिसऱ्या खणातल्या चौथ्या फायलीपर्यंत आलो आणि कागद सापडला. "सापडला!" असे मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. कागद बाजूला ठेवला, फायलीची नाडी बांधली, आणि खरे सांगू? पाचवी फाइल काढून तिचे कागद उलटू लागलो.

सौ. चकलीची भाजणी मळत होती. तिने मान वर केली.

"अहो, सापडला ना कागद?"

"सापडला."

"मग आता काय शोधताय?"

मला उत्तर सुचेना. ते माझ्या नातीने दिले. ती इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीला आली होती आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन कपाळाला आठ्या घालून बसली होती. ती एकदम खो खो हसू लागली.

"आजोबा, तुमचा ब्रेक आतल्या लूपमधूनच बाहेर पडला! बाहेरचं लूप चालूच राहिलं!"

माणसाला ब्रेक असतो ही बातमी मला नवी होती. लग्न झाल्यापासून ते काम घरात दुसऱ्या कोणाकडे आहे, अशी माझी समजूत. पण नातीने मला जवळ बसवून घेतले आणि सांगितले की, माझी जी फजिती झाली, नेमकी तीच तिच्या प्रोग्रामची सकाळपासून होत होती.

तिला कॉलेजातून एक गणित घालून दिले होते. एक नाट्यगृह आहे. त्यात 20 रांगा, प्रत्येक रांगेत 30 खुर्च्या. कोणत्या खुर्च्या विकल्या गेल्या आणि कोणत्या रिकाम्या, याची यादी संगणकापाशी आहे. त्यातली पहिली रिकामी खुर्ची शोधून सांगायची, बस्स. संगणकाला आपल्यासारखी दारात उभे राहून नजर फिरवता येत नाही. त्याला सांगावे लागते की, पहिल्या रांगेपासून विसाव्या रांगेपर्यंत जा. आणि प्रत्येक रांगेत शिरल्यावर पहिल्या खुर्चीपासून तिसाव्या खुर्चीपर्यंत जा. रांगांचा एक फेरा आणि त्याच्या पोटात खुर्च्यांचा दुसरा फेरा. फेऱ्याला हे लोक 'लूप' म्हणतात. बाहेरचा फेरा एक पाऊल टाकतो, तेवढ्यात आतला तीस पावले टाकून मोकळा होतो. घड्याळाचा मिनिटकाटा पुरा फिरून येतो तेव्हा कुठे तासकाटा एक घर सरकतो, तसेच हे.

"रिकामी खुर्ची दिसली की थांब, असं मी लिहिलंय," नात म्हणाली. "त्या 'थांब'ला ब्रेक म्हणतात. तिसऱ्या रांगेतली बारावी खुर्ची रिकामी आहे. म्हणजे पहिल्या दोन रांगांच्या साठ आणि या बारा, अशा बहात्तर खुर्च्या बघून त्याने थांबायला हवं. सहाशे बघायची गरजच नाही. पण हा काय करतो बघा!"

तिने बटण दाबले. पडद्यावर तिसऱ्या रांगेतली खुर्ची आली. मग चौथ्या रांगेतली एक आली. मग पाचव्या रांगेतली. ज्या ज्या रांगेत रिकामी खुर्ची होती, त्या त्या रांगेतली एकेक खुर्ची बेट्याने आणून समोर ठेवली. 'थांब' म्हटल्यावर तो थांबला होता, यात शंका नाही. पण थांबला तो रांगेत थांबला. नाट्यगृहात थांबला नाही. एक रांग सोडली आणि इमानेइतबारे पुढच्या रांगेत शिरला. मी चौथी फाइल बांधून पाचवी उघडली होती, अगदी तसाच!

मला हे चटकन समजले याचे नातीला नवल वाटले. तिला काय ठाऊक, की तिच्या आजोबांची पस्तीस वर्षे फेऱ्यातल्या फेऱ्यातच गेली आहेत!

आम्ही रसायनीचे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर हे स्टेशन लागते. एका बाजूला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, जवळून वाहणारी पाताळगंगा, बाजारहाटाला मोहोपाडा, आणि बाकी सगळे नावाप्रमाणेच रसायनांचे. 1960 साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचा कारखाना इथे उभा राहिला. (तिथले बहुतेक काम बंद करण्याचा निर्णय 2017 साली झाला.) गंमत अशी की, त्याच 1960 साली मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक कामाला लागला होता. पण त्या संगणकाचे आणि आमच्या गावाचे काही नाते जुळेल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मी होतो तो कारखाना निराळा, आणि त्याच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. 1979 साली मी तिथे ऑपरेटर म्हणून लागलो. वर्षाचे 52 आठवडे. दर आठवड्याला पाळी बदलायची. पाळीचे 8 तास. दर तासाला एक राउंड. राउंडमध्ये पंपांच्या 3 रांगा. आणि रांगेत 6 पंप. प्रत्येक पंपाशी उभे राहून दाब बघायचा आणि लॉगशीटवर लिहायचा. तासाला 18 आकडे, पाळीला 144. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी अजून पहाटे तीनला मला जाग येते, ती त्या राउंडच्या वेळेला. सौ. म्हणते, "झोपा. पंप बंद आहेत."

तेव्हा नातीला मी म्हटले, "अगं, एवढंच ना? मग त्याला 'सगळं थांबव' असं सांग की!"

"तिथंच तर गोम आहे, आजोबा," ती म्हणाली, आणि तिने माझ्या फायलीच पुढे ओढल्या.

तिने सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. शोधताना सोडून देण्याचे तीन प्रकार असतात. समजा, एखादा कागद पावसाने भिजून पुसट झालेला निघाला. तो वाचण्यात अर्थ नाही. पण म्हणून कोणी फाइल टाकून देत नाही. तेवढा कागद सोडायचा आणि त्याच फायलीतला पुढचा घ्यायचा. या सोडण्याला संगणकाच्या भाषेत 'कंटिन्यू' म्हणतात. दुसरा प्रकार, फाइल उघडावी आणि ती विजेच्या जुन्या बिलांची निघावी. मग पुढची साठ बिले उलटण्यात काय हशील? ती फाइलच ठेवून द्यायची आणि दुसरी काढायची. हा 'ब्रेक'. आणि तिसरा प्रकार म्हणजे कागद सापडला! आता हा कागदही पुरे, ही फाइलही पुरे, हा खणही पुरे. उठायचे आणि चहा मागायचा.

पहिल्या दोन प्रकारांना बहुतेक संगणकी भाषांत सुटसुटीत शब्द आहेत. तिसऱ्याला मात्र पुष्कळ भाषांत नाही! साधा 'ब्रेक' म्हटला की तो ज्या फेऱ्यात लिहिला असेल, त्या सर्वांत आतल्या फेऱ्यापुरताच. बाहेरच्या फेऱ्याला त्याची वार्ताही नसते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट या विद्वानांच्या ध्यानात आली नाही काय? आली तर! फेऱ्यात फेरा घालण्याची कल्पनाच फार जुनी आहे. बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आखलेल्या यंत्रावर एडा लव्हलेस या विदुषीने 1843 साली टिपणे लिहिली, त्यांत फेऱ्यांच्या फेऱ्याचा विचार आहे. आणि ते यंत्र तर पुरे बांधलेही गेले नाही. 1957 साली फोर्ट्रान ही भाषा आली, तिच्यात फेरे होते. फेऱ्यातून बाहेर पडायला त्या काळी 'गो टू', म्हणजे 'अमक्या ओळीवर जा', अशी सरळ उडी मारण्याची सोय असे. पण उड्यांची सवय वाईट. जो तो वाटेल तिथून वाटेल तिथे उडू लागला, आणि कोण कुठून आला हे वाचणाऱ्याला कळेनासे झाले. 1968 सालच्या मार्चमध्ये डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे एक पत्र छापून आले की, हे 'गो टू' घातक आहे, ते टाळा. त्यावर पुष्कळ वर्षे वाद झाला. 1974 साली कनूथ या अमेरिकन पंडिताने एक सविस्तर लेख लिहून समजुतीची गोष्ट सांगितली की, उडी सर्वस्वी वाईट नाही. फेऱ्यातून मधेच बाहेर पडण्यासारख्या काही जागी ती शोभतेही.

तेव्हापासून ज्याने त्याने आपापली युक्ती काढली आहे. कोणी निशाण उभारतात: सापडले की निशाण वर करायचे, आणि बाहेरच्या फेऱ्याने प्रत्येक पावलाला त्याच्याकडे पाहायचे. पाहायला विसरला की संपले. पीएचपी नावाच्या भाषेत ब्रेकपुढे आकडा घालता येतो: 'ब्रेक 2', म्हणजे दोन फेऱ्यांच्या बाहेर ये. पण उद्या कोणी मधे आणखी एक फेरा घुसवला, तर तो दोनचा आकडा चुकीच्या दारात आणून सोडतो. पायथन भाषेत नाव घेऊन बाहेर पडण्याची सोय करावी, अशी सूचना 2007 साली आली होती. त्या भाषेच्या जनकाने ती नाकारली. त्याचे म्हणणे असे, की एवढी गुंतागुंत क्वचितच लागते, आणि लागलीच तर शोधण्याचे काम वेगळे काढावे. म्हणजे एक माणूस कपाटाकडे धाडायचा आणि त्याला सांगायचे, 'कागद मिळाला की घेऊन परत ये.' मग किती खण उरले आणि किती फायली, याचा प्रश्नच उरत नाही.

नातीची भाषा जावा. तिच्यात फेऱ्याला नाव देता येते. तिने बाहेरच्या फेऱ्याच्या कपाळावर नावाची चिठ्ठी लावली आणि ब्रेकपुढे ते नाव लिहिले. बटण दाबले. तिसरी रांग, बारावी खुर्ची. आणि पडदा गप्प.

"एवढ्याशा चुकीपायी सकाळ गेली ग तुझी," सौ. म्हणाली.

"एवढीशी नाही हं, आजी!" असे म्हणून तिने अमेरिकेची गोष्ट सांगितली. 15 जानेवारी 1990 रोजी एटी अँड टी या कंपनीचे दूरच्या गावांना जोडणारे टेलिफोनचे जाळे एकाएकी कोसळले. 114 मोठी एक्स्चेंजे आणि जवळजवळ नऊ तासांचा गोंधळ. लाखो लोकांचे फोन लागेनात. एक एक्स्चेंज बंद पडायचे, काही सेकंदांत सावरायचे आणि 'मी परत आलो' असे शेजाऱ्याला कळवायचे. ते निरोप घेता घेता शेजारी आडवा व्हायचा. तो सावरून पुढच्याला कळवायचा! शोध घेता घेता सापडले काय? सी भाषेत लिहिलेल्या नव्या प्रोग्रामातला एक ब्रेक. लिहिणाऱ्याची समजूत होती की हा ब्रेक एका ठिकाणाहून बाहेर काढील. तो बाहेर काढत होता दुसऱ्याच ठिकाणाहून. तिथे फेरा नव्हता, एकात एक बसवलेल्या पर्यायांची यादी होती. पण ब्रेकचा नियम तोच.

"यंत्र बिघडलं नव्हतं, आजोबा," नात म्हणाली. "त्याने सांगितलं तेच केलं. कशातून बाहेर पडायचं, ते सांगणाऱ्याने नीट सांगितलं नव्हतं."

ती हे अगदी सहज बोलली आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळली. मी मात्र हातातली फाइल तशीच धरून बसलो.

1987 सालचा जुलै महिना. रात्रपाळी. बाहेर पाऊस कोसळत होता आणि शेडच्या पत्र्यांवर त्याचा असा आवाज, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे. पहाटे तीनचा राउंड. माझ्याबरोबर वीस वर्षांचा एक हेल्पर होता. कामाला लागून त्याला चार महिने झाले होते. तो टॉर्च मारून आकडा वाचायचा, मी लिहायचो. दुसऱ्या रांगेतल्या चौथ्या पंपाशी तो पोचला आणि पंपाचा ग्लँड सुटला. आत तीव्र नायट्रिक आम्ल. धार खाली लागली आणि तपकिरी वाफ उठली.

"सोड तो! सोड!" असे मी ओरडलो आणि पंप बंद करायला कंट्रोल रूमकडे धावलो. पंप बंद केला, फायरवाल्यांना फोन केला, मास्क चढवून परत आलो. या सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागली असतील. येऊन पाहतो तो पोरगा तिसऱ्या रांगेत उभा! वाऱ्याने ती सगळी वाफ तिसऱ्या रांगेवर आणली होती, आणि हा नाकाला रुमाल लावून, टॉर्च मारून, दुसऱ्या पंपाचा आकडा मोठ्याने वाचत होता. मला ऐकू यावा म्हणून.

मी त्याला ओढत बाहेर काढले. तो दोनदा खोकला आणि हसला. "काही नाही साहेब, बरा आहे मी." त्या वायूचा कपटीपणा हाच. तो लगेच काही कळू देत नाही. माणूस चांगला हिंडतो-फिरतो, आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. आमच्या डॉक्टरांना हे ठाऊक होते म्हणून त्यांनी त्याला घरी जाऊ दिले नाही. दुपारी त्याला श्वास घेववेना. आठ दिवस तो हॉस्पिटलात होता. वाचला, हे देवाचे आणि डॉक्टरांचे उपकार.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो आणि त्याच्यावरच रागावलो. "तुला सोड म्हटलं होतं ना मी?"

तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. "सोड तो, बोललात. मी सोडला ना तो पंप. ती रांगच सोडली. राउंड सोड असं कुठं बोललात?"

पुढे चौकशी झाली. टंकलिखित अहवाल माझ्यासमोर आला. त्यात एक वाक्य होते: 'हेल्परला जागा सोडण्याची सूचना देण्यात आली होती, त्याने ती पाळली नाही.' मी ते वाचले. सूचना तर मी दिली होती. खोटे काय होते त्यात? मी सही केली. पोराला एक लेखी ताकीद मिळाली. त्याने त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि मीही काढला नाही. पुढे सत्तावीस वर्षे आम्ही एकाच फाटकातून आत-बाहेर केले.

त्या पोराने सांगितले तेच केले होते. कशातून बाहेर पडायचे, ते सांगणाऱ्याने नीट सांगितले नव्हते. एवढे समजायला मला 38 वर्षे लागली, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. ते मला हॉस्पिटलात त्याच्या खाटेशीच समजले होते. लागली ती कबूल करायला.

संध्याकाळी चकल्यांचा शेवटचा घाणा कढईत होता. मी सोऱ्या धरून बसलो होतो. "आता पुरे," सौ. म्हणाली.

"काय पुरे?" मी विचारले. "ही चकली पुरे, की हा घाणा पुरे, की आजच्या दिवसाचंच पुरे?"

तिने झाऱ्या खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिला त्या रात्रीची हकिकत मी अर्धीच सांगितली होती. आता उरलेली सांगितली. अहवालाची, सहीची. तिने सगळे ऐकून घेतले, गॅस बंद केला, एक डबा काढून काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला.

"सगळंच पुरे," ती म्हणाली. "हा देऊन या."

तो आता निवृत्त होऊन मोहोपाड्याला मुलाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. केस पांढरे झाले आहेत. जिना चढला की थोडी धाप लागते, ती वयाने की आणखी कशाने, हे मी विचारले नाही. मला पाहून त्याने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मी इकडचे तिकडचे काही न बोलता सरळ सांगून टाकले. अहवालातले ते वाक्य, त्याखालची माझी सही.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "त्या ताकिदीपायी कायम व्हायला एक वर्ष जास्त लागलं." थोडे थांबून म्हणाला, "बायको तेव्हा पहिलटकरीण होती. जड गेलं ते वर्ष."

मी मान खाली घातली. चहा आला. दुकानात गिऱ्हाइके येत-जात होती.

"मी 'राउंड सोड' म्हणायला हवं होतं," मी म्हणालो. "'राउंड सोड, आणि वाऱ्याच्या उलट बाजूला पळ,' असं."

त्याने डबा उघडला. एक चकली काढून मोडली, अर्धी माझ्यापुढे धरली.

"आता म्हणालात ना," तो म्हणाला.